वार्धक्यातील व्यायाम आणि तालवाद्ये

सत्तरी उलटलेल्या रुग्णाने "वैद्यराज, व्यायाम करू का?" असे विचारले की आपल्यापैकी अनेकांच्या मुखी वाग्भटाचार्यांचा निषेध येतो. वातपित्तविकारी, बाल, वृद्ध व अजीर्णी यांनी व्यायाम वर्ज्य करावा, असे अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात सांगितले आहे. ग्रंथवचन शिरसावंद्य आहेच. परंतु त्याचा अर्थ 'वृद्धाने जागचे हलू नये' असा लावला जातो, तेव्हा रुग्णाचे अहित होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शरीरास आयास उत्पन्न करणारे कर्म म्हणजे व्यायाम, अशी व्याख्या सुश्रुताचार्य चिकित्सास्थानाच्या २४ व्या अध्यायात करतात. त्याच अध्यायात, देहास अतिपीडा न देणारे चंक्रमण आयु, बल, मेधा व अग्नी देणारे आणि इंद्रियांना जागविणारे आहे, असेही ते म्हणतात. निषेध आयासाचा आहे, हालचालीचा नव्हे. वार्धक्य हा वाताचा काळ. त्यात मांसधातू क्षीण होतो, संधी शिथिल होतात आणि तोल जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे दगावतात व त्यांत साठीपुढील व्यक्ती सर्वाधिक असतात. पासष्टीपुढे आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व बल यांचा अभ्यास असावा, असे याच संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे.

येथे तालवाद्यांचा विचार करावासा वाटतो. परदेशांत ज्येष्ठांना खुर्चीवर बसवून, समोरील मोठ्या चेंडूवर दोन काठ्यांनी ठेका धरावयास लावतात. आपल्याकडे टाळ, चिपळ्या, खंजिरी व पखवाज गावोगावच्या भजनी मंडळांत आहेतच. ताल धरताना स्कंध, कूर्पर व मणिबंध हलतात, उजवे-डावे हात आळीपाळीने कार्य करतात, कान व मन एकाग्र होतात. शिवाय सोबत मिळते, आणि म्हणून अभ्यासात खंड पडत नाही.

१९९६ मध्ये थॉट व सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांना तीन आठवडे तालाच्या साथीने चालविले असता त्यांची गती व पावलाची लांबी वाढली. जिनिव्हा येथे पासष्टीपुढील १३४ व्यक्तींवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संगीताच्या लयीवर हालचाली केल्याने तोल सुधारला व पडण्याचे प्रमाण घटले. मात्र हे प्रयोग निव्वळ वादनाचे नव्हेत. ढोलकी वाजविल्याने कंपवात बरा होतो, असा फलक दवाखान्यावर लावण्याचा अधिकार त्यांतून आपणांस मिळत नाही.

योजना साधी असावी. आधी अभ्यंग करावा. पाठ टेकता येईल अशी, चाके नसलेली खुर्ची घ्यावी. पाऊले जमिनीवर सपाट असावीत. प्रारंभी दहा मिनिटे, आठ मात्रांचा भजनी ठेका विलंबित लयीत धरावा. मग पायांनी ताल द्यावा, मात्रा मोठ्याने मोजाव्यात. तोल सावरू लागल्यावर आधार धरून उभ्याने करावे. बोलता येणार नाही इतका श्वास लागण्यापूर्वीच थांबावे. आमवाताचा वेग असताना, अवबाहुकात वेदना तीव्र असताना किंवा नुकताच हृद्रोगाचा झटका येऊन गेला असता हा अभ्यास टाळावा. छातीत दुखल्यास वा भोवळ आल्यास तत्काळ थांबवून रुग्णालयात पाठवावे. उत्सवातील ढोलताशांचा कर्णकर्कश आवाज येथे सर्वथा वर्ज्य समजावा.

आपल्या परिसरातील भजनी मंडळ वा ज्येष्ठ नागरिक संघ यांच्याकडे वैद्यांनी स्वतः जावे, एवढीच आमची विनंती आहे. हातांचा आधार न घेता तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते, ते प्रत्येकाचे नोंदवावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. यासाठी घड्याळ व वही पुरेशी आहे. फरक पडला नाही, तर तेही लिहावे. अशा प्रामाणिक नोंदी या त्रैमासिकाकडे आल्या, तर वृद्धांच्या व्यायामाविषयी आपण केवळ वचनांवर नव्हे, तर अनुभवावरही बोलू शकू.