टर्बो बदलण्याआधी कारण मागा



इथं आपण नेहमी छाटणी, फवारणी, पाणी, बाजार यावर बोलतो. आज गाडीवर लिहितोय, कारण गाडी आता शेतीतलंच अवजार झालीय. बोलेरो असो, स्कॉर्पिओ असो, जुनी डिझेल स्विफ्ट असो नाहीतर पिकअप. रोपं त्यातच आणायची, औषधं त्यातच, रात्री-अपरात्री दवाखान्याला जायचं तेही त्यातच. आणि आता डिझेल म्हटलं की टर्बो आलाच.

हल्ली गॅरेजवर एक वाक्य सारखं कानावर येतं. "टर्बो गेलाय, नवीन टाकायला लागतोय." मालक बिचारा मान डोलावतो, उसनेपासने करून पैसे देतो आणि गाडी घेऊन येतो. माझं म्हणणं असं की टर्बो सहसा आपोआप जात नाही. त्याला घाण ऑइल घालवतं, कमी ऑइल घालवतं, धूळ घालवते, नाहीतर आपली घाई घालवते. ते कारण न शोधता नवा टर्बो बसवणं म्हणजे मर रोगानं झाड गेलेल्या खड्ड्यात माती न बघता पुन्हा डाळिंबाचं कलम लावणं. दुसरंही जाणार.

आधी हे यंत्र काय आहे ते समजून घेऊ. इंजिनातनं बाहेर पडणारा गरम धूर एका पंख्याला फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त मिळाली की डिझेल जास्त आणि नीट जळतं, म्हणून लहान इंजिन मोठी ताकद देतं. काही नवं खूळ नाही, आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं याचं पेटंट १९०५ सालीच घेतलंय.

गंमत फेऱ्यांची आहे. आपलं डिझेल इंजिन मिनिटाला चार-साडेचार हजार फेऱ्यांना दमतं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फिरतो, लहान गाड्यांचा तर दोन लाखांच्या आसपास जातो. आणि बहुतेक गाड्यांत या दांड्याला छर्‍याचं बेअरिंग नसतं. इंजिनातल्याच ऑइलच्या पातळ थरावर तो तरंगत फिरतो. तो थर तुटला की धातूला धातू लागला, खेळ खलास. म्हणून टर्बोचं सगळं आयुष्य ऑइलवर.

गाडी आधी सांगते, आपण ऐकत नाही. खुणा अशा:

१) दम कमी होणं. नेहमीच्या चढाला गियर उतरवायला लागतो, ओव्हरटेकला गाडी उचलत नाही.

२) धूर. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी पडतेय. एअर फिल्टर चोंदला असेल, नाहीतर टर्बोपासून इंजिनाकडं जाणारा होज फाटला किंवा क्लॅम्प ढिला झाला असेल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा दाट धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर आधी हेड गॅस्केट बघा, टर्बोच्या माथी मारू नका.

३) आवाज. हलकी शिट्टी ही टर्बोची चालच आहे. पण ती शिट्टी वाढली, सायरनसारखी झाली किंवा घासल्याचा आवाज यायला लागला तर गाडी थांबवा. रेस दिल्यावर फुस्स असा आवाज येत असेल तर बहुधा होज गळतोय.

४) ऑइल कमी होणं. खाली ठिपका नाही, तरी डिपस्टिक उतरतेय म्हणजे ऑइल कुठंतरी जळतंय. इंटरकूलरच्या पाइपात आतून थोडा ओलावा असतोच, पण ऑइलचं तळं साचलेलं असेल तर गडबड आहे.

५) इंजिनचा दिवा लागून गाडी एकदम मंदावणं, आणि बंद करून परत चालू केली की थोडा वेळ ठीक चालणं. ज्या टर्बोत हलणाऱ्या पात्या असतात त्यांत काजळी साचून पात्या अडकल्या तर असं होतं. पण व्हॅक्यूमची बारीक नळी फाटली किंवा सेन्सर खराब झाला तरीही असंच होतं. नळी शंभर-दोनशेत येते, हे लक्षात ठेवा.

एक धोक्याची गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. टर्बोचं सील पार गेलं की इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळायला लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, रेस आपोआप चढते, धुराचे लोट निघतात. गियरची गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, वरचा गियर टाकून क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडतं. नाही जमलं तर माणसं लांब करायची. बॉनेट उघडून आत डोकं घालायचं नाही.

आता मूळ मुद्दा. आमच्या शिवारातल्या एका बागायतदाराच्या गाडीला एका वर्षात दोन टर्बो बसले. दुसराही गेल्यावर तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या फिटरनं ऑइलची नळी सोडवून बघितली. टर्बोला ऑइल पोचवणारी नळी आतून जळक्या काळ्या थरानं अर्ध्याहून जास्त बंद होती. पहिला टर्बो तिनंच मारला, दुसराही तिनंच मारला. ज्यानं दोन टर्बो बसवले त्यानं नळीला हात लावला नव्हता. आणि मालकानंही विचारलं नव्हतं, पहिला कशानं गेला?

सगळा दोष मिस्त्रीवर टाकणं बरोबर नाही. "उद्या माल घालवायचाय, आजच्या आज गाडी द्या" असं आपणच त्याच्या उरावर बसतो. तो बिचारा जे दिसतं ते बदलतो. म्हणून विचारायचं काम आपलं. टर्बो बदलण्याआधी एवढं मागून घ्या:

जुना टर्बो काढून हातात घ्या. दांडा आडवा किंचित हलला तर चालतं, कारण तिथं ऑइलच्या थराला जागा ठेवलेली असते. पण आत-बाहेर हललेला जाणवला किंवा पंख्याच्या पात्या कडेला घासलेल्या दिसल्या तर तो खरंच गेला. हवेच्या बाजूच्या पात्या झिजल्या असतील तर धूळ आत जातेय. दांडा काळा-निळा पडला असेल तर ऑइल कमी पडलंय.

ऑइल आणणारी नळी आणि परत नेणारी नळी, दोन्ही साफ करा किंवा बदला. परतीची नळी आणि इंजिनाचा ब्रीदर तुंबला तर चांगला टर्बोही ऑइल ओकतो. तिथं गॅस्केटऐवजी सिलिकॉनचा लेप थापू देऊ नका, त्याचा तुकडा सुटून वाट बुजवतो. इंटरकूलर धुऊन घ्या. ऑइल आणि ऑइल फिल्टर नवं टाका. नव्या टर्बोत आधी ऑइल ओता आणि मगच इंजिन चालू करा.

आणि हे सगळं टाळायचं असेल तर काय करायचं? ऑइल कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचंच टाका. किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी भरेल तेव्हा बदला. आपली गाडी धुळीत आणि भारात चालते, त्यामुळं मुदतीआधी बदललेलं चांगलं. "रंग काळा झाला नाही अजून" हा हिशेब डिझेलला लागू नाही, इथं नवं ऑइलही थोड्या दिवसांत काळं होतं.

एअर फिल्टर ऊस-वाहतुकीच्या दिवसांत लवकर बघा. कॉम्प्रेसरची जोरात हवा मारून कागदी फिल्टर साफ करायची सवय सोडा, कागदाला न दिसणारी भोकं पडतात आणि त्यातनं माती थेट टर्बोत जाते.

सकाळी चालू केल्यावर अर्धा मिनिट थांबा, लगेच रेस ओढू नका. पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट भरल्या गाडीनं चढून आलात आणि लगेच चहाला थांबलात, तर मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून मग चावी फिरवा. एकदम बंद केली की ऑइल थांबतं, टर्बो मात्र तापलेला असतो, आणि आतलं ऑइल करपून तोच काळा थर धरतो. गावात शेवटचे दोन किलोमीटर हळू आलात तर वेगळं थांबायची गरज नाही. उगाच तासभर चालू ठेवणंही चांगलं नाही, काजळी धरते.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत सायलेन्सरकडं काजळीचा फिल्टर असतो. तो स्वतःला जाळून साफ करत असताना गाडी बंद करायची सवय लागली तर जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, बदला. गाडी फक्त घर ते रान अशीच फिरत असेल तर अधूनमधून हायवेला मोकळी पळवा.

पोरांना एक सांगणं. शिट्टीचा आवाज यावा म्हणून फिल्टर काढणं, चिप बसवून ताकद वाढवणं, हे थांबवा. चार दिवस गाडी पळते, त्याचं बिल बाप भरतो.

सर्व्हिसचा खर्च काही हजारांत असतो, टर्बोचा त्याच्या कितीतरी पट. आपण रोपाचं पान पिवळं दिसलं तर मुळी उकरून बघतो. गाडीला तेवढंच करा. पुढच्या वेळी कुणी "टर्बो गेलाय" म्हटलं, तर पैसे काढायच्या आधी एकच विचारा: कशानं गेला, ते दाखवा.

पटलं तर घरात जो गाडी चालवतो त्याला वाचायला द्या.