वीस मार्चच्या अलीकडे-पलीकडे

पहाटेपासून फोनवर दिनविशेष येऊ लागतात. अमक्याचा जन्म, तमक्याचा मृत्यू, एक लढाई, एक करार. प्रत्येकाच्या वाट्याला एक ओळ. शाळेच्या फळ्यावर तेच, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात तेच. वर्षभर मला हे सलत आलं आहे. तारखा लक्षात ठेवण्याला माझा विरोध नाही. तारीख सांगितली की इतिहास सांगून झाला, या समजुतीला आहे. आणि ती आता चांगल्या वाचत्या घरांतही पक्की बसली आहे.

20 मार्च घ्या. ‘1927 : महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह.’ ओळ खरी आहे. पण ती वाचणाऱ्याला वाटतं, बाबासाहेब आले, ओंजळभर पाणी प्यायले आणि तळं सगळ्यांचं झालं.

तळं कागदावर आधीच सगळ्यांचं होतं. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 4 ऑगस्ट 1923 रोजी संमत केला. महाड नगरपालिकेने जानेवारी 1924मध्ये तो आपल्या हद्दीत लागू केला. तरी तीन वर्षं त्या पाण्याला हात लावायची सोय नव्हती. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे यांच्यासारख्यांनी माणसं जोडली, परिषद उभी केली, तेव्हा कुठे 20 मार्च उजाडला.

आणि त्याच दिवशी, वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून, परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली. पुढे पंचगव्य घालून तळ्याची ‘शुद्धी’ केली गेली. 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. माझ्याकडे आलेल्या एकाही दिनविशेषात 4 ऑगस्टसमोर यातलं काही नव्हतं.

डिसेंबरात सवर्णांनी दावा लावला, 14 तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. 25 डिसेंबरला हजारो सत्याग्रही महाडला जमले. परिषदेला जागा मिळेना. ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी दिली. त्या दिवशीचं मनुस्मृतिदहन दिनविशेषात असतं. पण पाण्यासाठी आलेल्या त्या समुदायाने न्यायालयाचा हुकूम पाळायचं ठरवलं, तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्याला न शिवता सगळे घरोघर परतले, हे नसतं. या शिस्तीपुढे मी नतमस्तक होतो. ओंजळीत पाणी घेण्याएवढंच धैर्य त्या परतण्याला लागलं असणार.

पुढे दावा 1931मध्ये खाली फेटाळला गेला, 1933मध्ये ठाण्याला अपील फेटाळलं गेलं, आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला: तळ्यावर अस्पृश्यांना बंदी ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही. दहा वर्षांना तीन दिवस कमी. (निकाल देणारे न्या. ब्रूमफील्ड म्हणजे 18 मार्च 1922 रोजी गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे अहमदाबादचे तेच न्यायाधीश.)

माझा खरा राग इथे आहे. एका ओळीत पाणी पिणारे राहतात, पिऊ न देणारे निसटतात. दावा लावणारे, तीन कोर्टांत तो लढवणारे, ठराव फिरवणारे, लाठ्या घेऊन धावलेले कुठल्याच तारखेला सापडत नाहीत. ते परग्रहावरून आलेले नव्हते. आपल्यापैकी अनेकांच्या आजे-पणज्यांच्या पंगतीला बसणारी माणसं होती ती. एका ओळीतला सत्याग्रह आपल्याला आवडतो, कारण त्यात आपल्याला कुठे उभं राहावं लागत नाही.

2025च्या तारखाही अशाच ओळी होऊ लागल्या आहेत. 20 मेला जयंत नारळीकर गेले. 11 जुलैला बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. पहिलीपासूनच्या हिंदीचा शासन निर्णय आला आणि मागे घ्यावा लागला. सप्टेंबरात मराठवाड्यात पाण्याने रानं खरवडून नेली. त्या पुराची तारीख नोंदली जाईल, माती गेलेल्या जमिनीवर पुढची पेरणी कशी झाली हे कोण लिहून ठेवणार?

म्हणून या अंकाच्या मुख्य विभागातल्या लेखकांना आम्ही एकच अट घातली: तारीख कोणतीही निवडा, पण प्रत्यक्ष त्या दिवसाबद्दल कमीत कमी लिहा. आधीचं आणि नंतरचं लिहा. कथा-कविता या सूत्रात बसत नाहीत आणि त्या बसवलेल्याही नाहीत. तुम्ही त्या नेहमीप्रमाणे आधी वाचाल, हे मला ठाऊक आहे.

20 मार्च 2027 रोजी महाडला शंभर वर्षं होतील. समारंभ होतील, भाषणं होतील. आम्हाला त्याआधी कागद हवे आहेत. परिषदेला गेलेल्यांच्या घरातली पत्रं, पावत्या, सांगून ठेवलेल्या आठवणी. आणि दाव्याच्या बाजूने उभं राहिलेल्यांच्या घरातलेही: वकिलाला दिलेल्या पैशांची टिपणं, साक्षींच्या नकला, वर्गणीच्या याद्या. माळ्यावर असतील तर काढा आणि पाठवा. मूळ कागद जपून परत करू. नाव छापायचं की नाही, ते त्या घराने ठरवावं.