'सामान्य माणूस' नावाचा सदरा

विनोदकुमार शुक्ल यांना २०२४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार जाहीर झाला तो मार्च २०२५ मध्ये. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. या नऊ महिन्यांत आणि त्यानंतरही त्यांच्याविषयी जे लिहिले-बोलले गेले, त्यात तीन शब्द पुनःपुन्हा भेटतात. शुक्लांची कादंबरी 'हळुवार' आहे, तिची भाषा 'निरागस' आहे आणि तिचा विषय 'सामान्य माणूस' आहे. तिन्ही शब्द गौरवार्थी आहेत, म्हणूनच ते कोणी तपासून घेत नाही. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, या शब्दांनी शुक्लांच्या कादंबरीचे वाचन घडत नाही, ते टळते. आणि ते ज्या रीतीने टळते त्यातून आपल्या समीक्षाव्यवहारातील एक जुनी खोड उघड होते. शुक्ल मोठे कादंबरीकार आहेत की नाहीत, हा येथे वादाचा मुद्दा नाही. ते ज्या कारणांसाठी मोठे ठरवले जात आहेत ती कारणे त्यांच्या संहितेत आहेत की नाहीत, हा आहे.

'सामान्य माणूस' ही संज्ञा आपल्याकडे एके काळी काही एक काम करीत होती. फडके-खांडेकरांच्या नायकांना कादंबरीतून बाहेर काढायचे होते, तेव्हा ती उपयोगी पडली. कारकून, शाळामास्तर, गिरणीकामगार, शेतमजूर यांना कथात्म साहित्यात प्रवेश मिळावा यासाठी ज्यांनी ती वापरली त्यांच्या मनात एक भांडण होते. ते भांडण संपले, संज्ञा उरली. आज ती वर्णन करीत नाही, मोजमाप करते. एखादे पात्र अमुक इतके दरिद्री, अमुक इतके सोशिक, अमुक इतके गोड असले की ते 'सामान्य माणूस' ठरते. आणि त्याच्याकडे पाहणाऱ्या वाचकाला आपण सहृदय असल्याचा प्रत्यय येतो. पात्र आधी आणि संज्ञा नंतर, हा क्रम उलटून संज्ञा आधी शिवून तयार असते आणि पात्राला तीत बसवले जाते.

योगायोग असा की, नेमकी हीच घटना शुक्लांच्या पहिल्या कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे. 'नौकर की कमीज' १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा निवेदक संतूबाबू हा एका लहान शहरातल्या सरकारी कचेरीत कारकून आहे. त्याच्या साहेबाने आदर्श नोकर कसा असावा याचा विचार करून एक सदरा शिवून घेतला आहे, जाड्याभरड्या पांढऱ्या कापडाचा. तो अमुक एका नोकरासाठी शिवलेला नाही. सदरा ज्याला नीट बसेल तो आदर्श नोकर, असा तो हिशेब आहे. ज्या नोकराला तो आधी मिळाला होता तो निघून जातो, सदरा मागे राहतो. आणि एके दिवशी कचेरीतलेच सहकारी संतूबाबूला धरून तो त्याच्या अंगावर चढवतात. तो त्याला बसतो. प्रसंग हास्यास्पद आहे आणि शुक्ल तो तसाच सांगतात, आवाज न चढवता. परंतु सत्तेचा इतका नेमका उलगडा स्वातंत्र्योत्तर भारतीय कादंबरीत फार थोड्या ठिकाणी झाला असेल. सत्ता माणसाला दडपते असे ही कादंबरी म्हणत नाही. सत्तेजवळ माप अगोदरच तयार असते, माणूस नंतर सापडतो, आणि त्याला त्या मापात घालण्याचे काम साहेबाला स्वतः करावे लागत नाही, असे ती म्हणते. ते काम त्याच्याच टेबलाशेजारी बसणारे लोक करतात.

या पानांना 'हळुवार' म्हणणारा वाचक नेमके काय वाचत असतो?

कदाचित तो आवाजाची पट्टी वाचत असतो. शुक्लांच्या निवेदनात कोणी ओरडत नाही, हे खरे. पण कादंबरीतले मालकही ओरडत नाहीत, हे ध्यानात घ्यायला हवे. संतूबाबू ज्या घरात भाड्याने राहतो ते एका डॉक्टरचे आहे. छप्पर गळते, दुरुस्ती होत नाही. संतूबाबूची बायको डॉक्टरीणबाईंच्या घरी जाऊ-येऊ लागते आणि हळूहळू त्या घरच्या कामात ओढली जाते. जबरदस्ती कोणी करीत नाही. बोलणे गोडीगुलाबीचे, विचारपूस आपुलकीची. नवऱ्याच्या अंगावर सदरा चढवला गेला तो निदान दिसतो तरी. बायकोच्या अंगावर जो चढतो तो जिव्हाळ्याचा आहे, म्हणून तो काढताही येत नाही. मालकाच्या गोडव्यातून नोकर कसा घडत जातो याची ही जी नोंद आहे, ती करणारा लेखक कोमलतेच्या बाबतीत 'निरागस' असणे शक्यच नाही. कोमलता ही वस्तू कोणाच्या हातात काय करते, हे त्याने पहिल्याच कादंबरीत पाहून ठेवले आहे.

शुक्लांच्या कादंबऱ्यांत दोन प्रकारचे जिव्हाळे आहेत. एक वरून खाली येतो आणि ज्याच्यापर्यंत पोहोचतो त्याला लहान करतो. दुसरा बरोबरीच्यांमध्ये असतो, एका खोलीत, एका चुलीशी, एका सायकलीवर. आणि तो फार सावध असतो, कारण पहिल्या जिव्हाळ्याची भाषाही हीच आहे हे त्याला ठाऊक असते. गौरवलेखांतला 'हळुवार' हा शब्द या दोहोंतला भेद पुसून टाकतो. त्याहून गमतीची गोष्ट ही की, 'सामान्य माणसां'विषयी ज्या आवाजात हे लेख लिहिले जातात तो आवाज डॉक्टरीणबाईंच्या आवाजाला फार जवळचा आहे.

आता 'दीवार में एक खिड़की रहती थी' (१९९७) पाहू. हळुवारपणाचा मुख्य पुरावा म्हणून हीच पुढे केली जाते. १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कारही तिलाच मिळाला. रघुवरप्रसाद हा एका लहान गावातल्या महाविद्यालयात गणित शिकवणारा व्याख्याता, नवी लग्न झालेली बायको सोनसी, भाड्याची एक खोली, खच्चून भरलेला टेम्पो, नंतर त्या टेम्पोऐवजी कॉलेजला नेणारा एका साधूचा हत्ती. आणि त्या खोलीतली खिडकी. ती ओलांडली की पलीकडे तळी, झाडे, वाटा, चहा देणारी एक म्हातारी. या खिडकीमुळे 'जादुई वास्तववाद' हे लेबल आपल्याकडे तत्काळ बाहेर काढले जाते. लॅटिन अमेरिकन कादंबरीतले अद्भुत हे बहुधा इतिहासाच्या अतिरेकातून येते: हुकूमशहा, कत्तली, पिढ्यानपिढ्यांचे विस्मरण. शुक्लांच्या खिडकीमागे असा कोणताही अतिरेक नाही. तिच्यामागे जागेची टंचाई आहे. एका खोलीत दोघांचा संसार, त्यात पाहुणे, त्यात स्वयंपाक, त्यात निजणे. जेथे कोठेही एकांत नाही तेथे एकांत कोठून आणायचा, या अगदी व्यावहारिक प्रश्नाला कादंबरीने दिलेले उत्तर म्हणजे ती खिडकी. विभागप्रमुखांनाही ती हवीशी वाटते. पदाने वरचा असलेला माणूस खालच्याकडे काही मागतो आहे, आणि ते त्याला हुकमाने मिळण्यासारखे नाही. ही स्थिती 'नौकर की कमीज'मधल्या स्थितीची बरोबर उलट बाजू आहे. १९७९ ची कादंबरी बाजूला ठेवून १९९७ ची वाचली की हा दुवा निसटतो आणि उरते ती केवळ मनोहर निसर्गचित्रे.

शीर्षकातल्या क्रियापदाकडेही अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. 'रहना' हे हिंदी क्रियापद नुसते असणेही सांगते आणि वास्तव्य करणेही सांगते; त्या प्रदेशाच्या बोलण्यात तर ते सहज पहिल्या अर्थी येते. मराठीत आणताना मात्र आपल्याला निवड करावी लागते. 'असायची' म्हटले तर खिडकी बांधकामाचा भाग होते; 'राहायची' म्हटले तर ती भाडेकरू होते. शुक्लांच्या वाक्यात ती दोन्ही आहे. ज्या खोलीत दोन माणसे भाड्याने राहतात त्या खोलीच्या भिंतीत एक खिडकीही राहते. घरमालकाची भिंत, पण तीत राहणारे काही त्याच्या मालकीचे नाही. या एका क्रियापदात जे मालकीविषयीचे भान आहे त्याला निरागसता म्हणणे म्हणजे व्याकरण न पाहता काव्य पाहणे होय.

भाषेविषयी आणखी थोडे. शुक्लांचे वाक्य साधे असते, पण सरळ नसते. ते एखादी उघड गोष्ट सांगते, मग तीच उलटून सांगते, मग ती तशी नसती तर काय झाले असते हेही पाहून घेते. बालकाच्या बोलण्याशी याचे साम्य वरवरचे आहे. मला ते गणिताच्या मास्तराच्या, किंवा फाइलवर शेरा लिहिण्यापूर्वी सगळ्या शक्यता तपासणाऱ्या भित्र्या कारकुनाच्या विचारपद्धतीजवळ जाणारे वाटते. ज्याच्या हातात फारसे काही नाही तो माणूस शब्दांत तरी कोणती गोष्ट गृहीत धरणार नाही. मराठीत श्याम मनोहरांच्या गद्यात अशी तर्काची चाल आपण ओळखतो आणि तिला बौद्धिक म्हणतो. तीच चाल शुक्लांकडे आली की आपण तिला भाबडी म्हणतो. कारण मनोहरांची पात्रे आपल्यासारखी वाद घालतात आणि शुक्लांची पात्रे भाजी निवडतात. हा न्याय वाङ्मयीन नाही.

उलट बाजूने होणारा आक्षेप याहून गंभीर आहे. छत्तीसगढसारख्या प्रदेशात, जेथे जंगल, खनिजे आणि आदिवासींचे विस्थापन यांवरून इतके रक्त सांडले, तेथे राहून एखादा कादंबरीकार खिडकी आणि हत्ती यांविषयी लिहितो, हे पलायन नव्हे काय? या आक्षेपाला अनेकदा मुक्तिबोधांच्या नावाची जोड दिली जाते. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होते. तेच शुक्लांचे जन्मगाव. तरुण शुक्लांना मुक्तिबोधांचा सहवास व प्रोत्साहन लाभले. तेव्हा एकीकडे 'अंधेरे में'चा कवी आणि दुसरीकडे हा खिडकीवाला, अशी तुलना करून निकाल देणे सोपे आहे. पण मराठी वाचकाला येथे आणखी एक मुक्तिबोध आठवायला हवेत. मराठी घरात जन्मलेल्या या हिंदी कवीचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथात 'मानुषता' हे साहित्यमूल्य म्हणून मांडले. मार्क्सवादी जाणिवेच्या या समीक्षकाने साहित्याची किंमत त्यातल्या घटनांच्या भीषणतेवर ठरवली नाही. त्या कसोटीवर 'नौकर की कमीज' कोठे उभी राहते हे कोणी पाहिले आहे काय? कचेरी, बंगला, भाडे, उधारी यांतून माणूसपणाचे जे आकुंचन होते त्याची तपासणी ही राजकीय नव्हे, असे ठरवण्याचा अधिकार या आक्षेपकांना कोणी दिला? 'खिलेगा तो देखेंगे' (१९९६) मध्ये शाळामास्तराचे कुटुंब एका ओस पडलेल्या पोलीस ठाण्यात राहायला जाते. राज्यसंस्थेने सोडून दिलेल्या इमारतीत संसार मांडणारे हे कुटुंब ज्यांना केवळ गोड वाटते त्यांनी आपले राजकीय वाचन पुन्हा तपासावे. ही कादंबरी स्वतः सैल आहे, मध्येच तिचा धागा हरवतो, हे मात्र मान्य केले पाहिजे.

आणि एक गोष्ट मान्य केल्यावाचून पुढे जाता येत नाही. शुक्लांच्या जगात पगार आहे, भाडे आहे, पद आहे. जात मात्र जवळजवळ बोलत नाही. बाबुराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती!' (१९६३) वाचून मोठा झालेला मराठी वाचक विचारणारच की, ही खोली भाड्याने मिळताना आडनाव विचारले गेले नसेल काय. भाड्याच्या खोलीवर इतके बारकाईने लिहिणाऱ्याने हा प्रश्न सोडून द्यावा, ही उणीव आहे आणि ती कोमलतेच्या आड लपवू नये. तसेच सोनसीचे. त्या खोलीतले बरोबरीचे नाते मला खरे वाटते, परंतु स्वयंपाक तिचा, डबा तिचा, वाट पाहणेही बहुतेक तिचे. संतूबाबूच्या बायकोच्या श्रमाकडे ज्या कठोर नजरेने शुक्लांनी पाहिले, ती नजर सोनसीच्या बाबतीत निवळते. प्रेम असले की श्रम दिसेनासे होतात, ही मालकाघरचीच युक्ती लेखकावरही चालली असावी. हा आक्षेप मी गंभीर मानतो, आणि तो घेण्याचे साधन खुद्द शुक्लांच्याच पहिल्या कादंबरीने दिले आहे.

गौरवलेखकांना मात्र असा आक्षेप सुचतच नाही, कारण त्यांच्या लेखी येथे आक्षेप घेण्याजोगे काही घडतच नसते. काही वर्षांपूर्वी एका पदव्युत्तर वर्गात भारतीय कादंबरीवर चर्चा चालू असता एका विद्यार्थिनीने विचारले होते, "सर, संतूबाबूला सदरा बसला हे वाचून हसू येतं, पण तो बसला नसता तर?" वर्गातल्या बाकीच्यांनी तोवर 'सामान्य माणसाची व्यथा' असे वहीत उतरवून घेतले होते.

मार्च २०२२ मध्ये शुक्लांनी आपल्या पुस्तकांच्या मानधनाविषयी जाहीर तक्रार केली. वर्षानुवर्षे छापल्या जाणाऱ्या पुस्तकांचे आपल्याला फारच थोडे पैसे मिळतात, हिशेब नीट कळत नाही, असे पंचाऐंशी वर्षांच्या या लेखकाने सांगितले. मी वाचलेल्या बहुतेक गौरवलेखांत या तक्रारीला जागा नाही, किंवा असली तर एखाद्या दुःखद अपवादासारखी. त्यांना ती शुक्लांच्या साहित्याबाहेरची वाटते. गळक्या छपराच्या दुरुस्तीसाठी गोड बोलणाऱ्या घरमालकाकडे पुनःपुन्हा जाणारा भाडेकरू ज्याने १९७९ मध्ये लिहिला, त्याची ही तक्रार होती.