चिखलाची लाज

मराठीच्या शास्त्रीय परिभाषेविषयी वाद करणारे लोक बहुधा दोन पक्षांत वाटले गेलेले असतात. पहिला पक्ष म्हणतो की, जगाच्या ज्ञानव्यवहाराची भाषा इंग्रजी ठरून गेली आहे. तेव्हा मराठीने या भानगडीत पडूच नये. दुसरा पक्ष म्हणतो की, संस्कृताची टांकसाळ घरात असताना परक्या नाण्यावर संसार करणे ही नामुष्की आहे. हे दोन पक्ष एकमेकांवर तुटून पडतात खरे, परंतु एका गोष्टीत त्यांचे पूर्ण एकमत असते. ज्याच्या हातात प्रत्यक्ष हत्यार आहे त्याला काही विचारावयाचे नाही, ही ती गोष्ट होय. आज आम्ही ज्या परिभाषेविषयी लिहिणार आहो ती खनिज तेलाच्या, आणि त्यातही समुद्रातील, विहिरींची आहे. विषय रुक्ष वाटेल. पण तो केवळ कोशकारांच्या बैठकीतला नाही, एवढे वाचकांस पटले तरी आमचे काम झाले.

26 जुलै 2005 हा दिवस मुंबईच्या आसपास राहणाऱ्या कोणत्याही मराठी कुटुंबास विसरता येणे शक्य नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री कोण कोठे अडकले, कोणी कोणास ओढून काढले, याच्या कथा आजही घरोघर सांगितल्या जातात. परंतु त्याच्या दुसऱ्या दिवशी, 27 जुलैस, मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर भर समुद्रात काय झाले, हे दहा सुशिक्षितांस विचारून पाहावे. त्या दिवशी मुंबई हाय क्षेत्राच्या उत्तर भागातील एका मोठ्या फलाटाजवळ 'समुद्र सुरक्षा' नावाचे साहाय्यक जहाज जखमी माणसास वर चढविण्यासाठी आले असता खवळलेल्या पाण्यात फलाटाच्या एका राइझरवर आदळले. वायू सुटला, पेटला, आणि सुमारे दोन तासांत तो सबंध फलाट जळून गेला. 22 माणसे मेली. जिवंत काढलेल्यांची संख्या साडेतीनशेच्या वर होती.

या आगीचा विसर पडण्यास आदल्या दिवशीचा प्रलय हे एक कारण आहे, हे आम्हांस मान्य आहे. पण तेवढेच कारण आहे असे आम्हांस वाटत नाही. पावसासाठी मराठीत झड, सर, रिपरिप, धो धो, मुसळधार असे किती शब्द आहेत! आजी नातवास तो पाऊस सांगू शकते. राइझर म्हणजे काय हे मात्र ती सांगू शकत नाही, आणि तिला सांगणारेही कोणी नाही. समुद्राच्या तळावरील नळातून येणारा तेल-वायू ज्या उभ्या नळाने फलाटावर चढतो तो हा राइझर. त्यास धक्का लागणे म्हणजे फलाटाच्या धमनीस धक्का लागणे. एवढी गोष्ट आपल्या भाषेत सांगता आली नाही म्हणून ती आपल्या स्मृतीतही राहिली नाही. ज्या दुर्घटनेची गोष्ट होत नाही तिच्याविषयी समाज प्रश्नही विचारीत नाही.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी परिभाषा सिद्ध करणाऱ्या एका मंडळीत आम्हीही बसत होतो, आणि आमचे तेव्हाचे मत दुसऱ्या पक्षाचे होते. इंग्रजीत ज्यास 'मड' म्हणतात त्यास आम्ही 'वेधनपंक' केले. 'किक' या शब्दास 'गर्भद्रवप्रवेश' असा सात अक्षरांचा प्रतिशब्द दिला, आणि 'ब्लोआउट प्रिव्हेंटर' या यंत्रास 'उत्स्फोटप्रतिबंधक' म्हटले. या शेवटच्या शब्दाचा आम्हांस विशेष अभिमान होता. पुढे उरणकडील आमचा एक जुना विद्यार्थी, जो कित्येक वर्षे समुद्रातील रिगवर काम करीत होता, घरी भेटावयास आला असता आम्ही ती यादी मोठ्या हौसेने त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती आदराने वाचली, आणि मग हळूच म्हणाला, "सर, शब्द छान आहेत. पण खालून उसळी आली म्हणजे आम्हांला ओरडावे लागते. हा शब्द ओरडून पुरा होईपर्यंत चिखल वर आलेला असेल."

त्याच्या उपहासाने आम्ही खजील झालो, हे खोटे नाही. परंतु खरी शरम आम्हांस नंतर, तो गेल्यावर वाटली. 'उसळी' आणि 'चिखल' हे दोन्ही शब्द त्याने सहज, काही न ठरविता उच्चारले होते. महिनोन् महिने कोश उलगडून आम्ही जे शोधीत होतो ते त्याच्या तोंडात होते. आणि आम्ही त्यास विचारले नव्हते.

या दोन शब्दांमागे केवढी विद्या आहे ते पाहावे. तेलविहीर खोदताना पोकळ नळांतून पाणी, बेंटोनाइटची माती आणि वजनासाठी बॅराइटची पूड यांचे मिश्रण खाली सोडतात. ते खोदणाऱ्या पात्याच्या तोंडातून बाहेर पडते, पाते थंड ठेवते, आणि नळाभोवतीच्या पोकळीतून दगडाचा चुरा घेऊन वर येते. त्याचे सर्वांत मोठे काम निराळेच आहे: आपल्या वजनाने ते खालच्या खडकांतील तेल-वायूचा दाब तोलून धरते. हा तोल गेला, म्हणजे खालचा दाब वरचढ झाला, की वायू विहिरीत शिरतो, ती उसळी. हौदातील चिखलाची पातळी कारण नसता वाढू लागली, हे तिचे एक चिन्ह. ती वेळीच ओळखून विहिरीचे तोंड बंद केले आणि अधिक जड चिखल भरला तर विहीर निवते. न ओळखली तर सगळे वर उफाळून येते, आणि ठिणगी पडली तर रिग जळते. म्हणजे शेकडो माणसांचा जीव चिखलाच्या वजनावर तोललेला असतो. अशा वस्तूस चिखल म्हणावयास पंडितांस लाज वाटावी, आणि पंक म्हटल्याने तिची प्रतिष्ठा वाढते असे त्यांनी मानावे, यापरती शब्दपूजा कोणती?

शुद्धिवादी मित्र यावर म्हणतील की, गावंढळ शब्दास शास्त्राचा नेमकेपणा येत नाही. त्यांनी इंग्रजीकडेच एकदा नीट पाहावे. तेलाच्या धंद्याची इंग्रजी परिभाषा ऑक्सफर्डच्या पंडितांनी केलेली नाही. तेलविहिरीवरील उंच मनोऱ्यास 'डेरिक' म्हणतात. तो शब्द सतराव्या शतकाच्या आरंभीच्या लंडनमधील एका फाशी देणाऱ्याच्या आडनावावरून आला. नळ ठेवण्याच्या भोकांस 'उंदराचे बीळ' अशा अर्थाची नावे आहेत, मनोऱ्यावर उभे राहण्याच्या फळीस माकडाचे नाव आहे, आणि खोदणाऱ्याच्या खोलीस कुत्र्याचे घर म्हणतात. विहिरीच्या तोंडावरील झडपांच्या उतरंडीस नाताळच्या झाडाचे नाव मिळाले. हे सर्व शब्द हाताला घट्टे पडलेल्या माणसांनी आपल्या घरादारांतून, गोठ्यांतून आणि सणांतून उचलले. ते नेमके झाले ते व्युत्पत्तीने नव्हे, सर्वांनी एका वस्तूस एकच शब्द वापरण्याचे ठरविल्यामुळे.

'दिनांक', 'महापौर' हे सावरकरांचे शब्द रुळले ना, असा प्रश्न आम्हांस विचारला जाईल. रुळले, आणि त्याचा आम्हांस आनंद आहे. पण ते कागदावर लिहावयाचे, सभेत बोलावयाचे शब्द आहेत. तेथे विचार करावयास सवड असते. त्याच न्यायाने खडकाची सच्छिद्रता, पारगम्यता हे शब्द आम्ही आनंदाने ठेवू, कारण ते शास्त्रज्ञाने मेजावर बसून वापरावयाचे आहेत. आमचा आग्रह इतकाच की, ग्रंथातील शब्द आणि हातातील शब्द यांचे घर एक नाही. राजव्यवहारकोश शिवछत्रपतींच्या आज्ञेने झाला; तरीही मराठी माणूस किल्ला, फौज आणि अर्ज हे शब्द आजतागायत सोडू शकलेला नाही, याचा अर्थ शुद्धिवाद्यांनी कधीतरी लावावा.

जड शब्द केवळ निरुपयोगी असतो असे नाही. तो घातकही होतो. 20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या रिगवर विहीर बंदिस्त झाली की नाही याची दाबचाचणी चालू होती. एका नळावर दाब शून्य दिसत होता, दुसऱ्यावर चौदाशे पौंडांचा दाब जाता जात नव्हता. साधा अर्थ असा की, विहीर बंद झालेली नाही. परंतु हा 'ब्लॅडर इफेक्ट' आहे, असे एक शास्त्रीय वाटणारे नाव तेथे पुढे आले, आणि शंका मिटली. पुढील चौकशीत ते स्पष्टीकरण निराधार ठरले. त्याच रात्री विहीर उफाळली. 11 माणसे मेली, आणि 87 दिवस तेल समुद्रात वाहत राहिले. त्या अनर्थास कारणे अनेक होती, हे आम्ही जाणतो. तरीही ज्या शब्दाचा अर्थ ऐकणाऱ्यास विचारता येत नाही तो शब्द शंकेचे तोंड बंद करतो, हा धडा त्यातून घ्यावयास हरकत नाही. तेथे तर ती त्यांचीच भाषा होती! मग जेथे शब्दही परका आणि तो उच्चारणाराही वरचा अधिकारी, तेथे कनिष्ठ माणूस "म्हणजे काय, साहेब?" असे विचारण्याचे धैर्य कोठून आणणार?

आता पहिल्या पक्षाकडे वळू. तो म्हणेल, रिगवर देशोदेशीची आणि प्रांतोप्रांतीची माणसे असतात. तेथे मराठी चालवून काय साधणार? त्यास आमचे उत्तर असे की, रिगवर ज्या भाषेत हुकूम देण्याचे ठरले असेल त्याच भाषेत ते द्यावेत. तेथे एका वस्तूस दोन नावे नकोत. परंतु तो हुकूम ऐकणारा माणूस शिकतो कोठे? तो ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत ते यंत्र त्यास एकदाही कोणी समजावून दिले नसेल, तर त्याने इंग्रजी शब्द पाठ केला एवढेच होईल. शिवाय फलाटाभोवतीच्या 500 मीटरच्या निषिद्ध पट्ट्यात ज्याने जाळे टाकावयाचे नाही तो कोळी, उरणच्या प्रकल्पाशेजारी राहणारे गृहस्थ आणि वर्तमानपत्र वाचणारे आपण सर्व, यांनी कोणत्या भाषेत समजून घ्यावे? नॉर्वेची लोकसंख्या सुमारे 55 लाख. त्या देशाने उत्तर समुद्रात तेल काढले तेव्हा इंग्रजी येणारी माणसे त्याच्याकडे कमी नव्हती. तरीही तेथील तेलधंद्याच्या सुरक्षानियमांत, नॉर्वेजियन भाषा शक्य तितकी वापरावी आणि इतर भाषा गरजेपुरती, तीही सुरक्षिततेस बाध येत नसेल तरच वापरावी, असे कलम आहे. त्यांनी नाताळच्या झाडास 'झडपांचे झाड' अशा अर्थाचा आपला शब्द केला. आठ कोटींहून अधिक लोकांच्या भाषेस हे जमू नये काय?

आणि आपण काही रित्या हाताने आरंभ करणार नाही. विहीर ही तर महाराष्ट्राची जुनी विद्या. सोलापूर-बीडकडील शेतकरी शासनाच्या कागदावरील 'विंधन विहीर' वाचतो आणि तोंडाने 'बोअर' म्हणतो. केसिंग किती फूट सोडले, खडक कोठे लागला, हे तो एखाद्या अभियंत्यासारखे सांगतो. त्याचे बोअर आणि केसिंग आम्ही मराठीच समजतो. तेलविहिरीत तुटून पडलेले हत्यार वर काढण्याच्या कामास इंग्रजीत 'फिशिंग' म्हणतात. आमच्या मंडळीने त्यासाठी तीन बैठका घालविल्या. विहिरीत पडलेली घागर काढण्यासाठी आमच्या आईने किती वेळा शेजारून गळ मागून आणला असेल, आणि आम्ही काठावर उभे राहून तो टाकला असेल! 'गळ टाकणे' हा शब्द त्या तीन बैठकांत आमच्यापैकी एकासही आठवू नये, यात विद्वत्तेचा दोष किती आणि विस्मरणाचा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

म्हणून आमची सूचना येणेप्रमाणे आहे. मडास चिखल म्हणावे, किकेस उसळी, ब्लोआउटास उफाळा, आणि तो रोखणाऱ्या यंत्रास उफाळारोधक. राइझरास चढनळ म्हणावे. जड चिखलाने विहीर शांत करण्यास निवविणे म्हणावे. 'मारणे' म्हटल्यास ऐकणारा विहीर बुजविली असे समजेल. झडपांच्या उतरंडीस प्रथम आम्हांस आपल्या देवळांपुढील दीपमाळ सुचली होती; पण ज्या वस्तूपासून ज्योत दूर ठेवावयाची तिला दिव्याचे नाव कशास? त्यापेक्षा झडपझाड बरे. यांतील एखादा शब्द चुकला असेल तर तो उरणच्या, अलिबागच्या, रिगवर राबणाऱ्या माणसांनी खुशाल फेकून द्यावा आणि आपला सांगावा. तो लिहून घेण्याचे काम आम्ही करू. आमच्यासारख्यांचे काम बहुधा तेवढेच आहे.

मुंबई हायवर 1974 मध्ये 'सागर सम्राट' या रिगने तेल शोधून काढले, त्यास अर्धे शतक लोटले. इतकी वर्षे आपली मुले तेथे जातात, पंधरा दिवस, महिना राहून परत येतात, आणि "तेथे काय काम करतोस?" असे आईने विचारले की "तुला नाही समजायचे" म्हणून हसतात. समजावयाचे नाही, यात आईचा दोष नाही. तिला समजेल असा शब्द आम्ही तिच्या मुलास दिला नाही.