जयंतीची पोस्ट आणि इतिहासाची जबाबदारी

राजकीय पक्षांच्या समाजमाध्यम विभागांकडे वर्षभराचे कॅलेंडर तयार असते. ३ जानेवारीला सावित्रीबाई, १९ फेब्रुवारीला शिवराय, १ मे रोजी महाराष्ट्र दिन. पूर्वतयारीत गैर काहीच नाही. पण या पोस्टमध्ये बहुधा नेत्याचा फोटो मोठा, महापुरुषाचा लहान आणि मजकूर ‘विनम्र अभिवादन’ एवढाच असतो. हे थांबले पाहिजे.

१ मे १९६० रोजी मिळालेले राज्य सहज मिळालेले नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ आंदोलकांवर गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले, त्यांत गिरणी कामगारही होते. महाराष्ट्र दिनाच्या किती पोस्टमध्ये त्यांतले एक तरी नाव असते? सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. त्यांना वंदन करणाऱ्या पक्षाने त्या दिवशी आपल्या ताब्यातील पालिकेच्या शाळा आणि दवाखान्यांचा हिशेबही द्यावा.

पक्षांनी तीन नियम पाळावेत. तारीख आणि तपशील जाणकाराकडून तपासून घ्यावेत. प्रत्येक पोस्टमध्ये एक खरी, नेमकी माहिती द्यावी. स्मृतिदिनी नेत्याचा फोटो आणि पक्षचिन्ह वगळावे. लाखो तरुणांपर्यंत इतिहास आज मोबाइलवरूनच पोहोचतो. तो नीट पोहोचवणे हेच खरे अभिवादन आहे.