दोरीवरची मुलगी आणि आपला मोबाइल

आमच्या बचत गटाची बैठक म्हणजे हिशेब अर्धा तास आणि गप्पा दीड तास! गेल्या महिन्यात तर हिशेब बाजूलाच राहिला. एकीच्या मोबाइलवर व्हिडिओ आला होता. सात-आठ वर्षांची मुलगी, डोक्यावर तीन कळश्या, हातात आडवी काठी, आणि दोरीवरून अशी चालतेय जणू अंगणातच! ‘अगं बाई, पडली तर?’ ‘कसं गं जमतं हिला?’ मोबाइल हातोहात फिरला, प्रत्येकीने व्हिडिओ पुढे पाठवला. मीही पाठवला, खोटं कशाला सांगू?

घरी आले आणि शांताबाई पवार आठवल्या. जुलै २०२० मध्ये पुण्याच्या या ८५ वर्षांच्या आजींचा काठी फिरवण्याचा व्हिडिओ देशभर गाजला होता. रितेश देशमुखने तो सगळ्यांना दाखवला, सोनू सूदने त्यांच्या नावाने प्रशिक्षणाचा वर्ग काढायचं ठरवलं, त्या वेळचे गृहमंत्री अनिल देशमुख स्वतः त्यांना भेटायला गेले आणि साडी व एक लाख रुपये देऊन आले. ‘वॉरियर आजी’ म्हणून कौतुक झालं. व्हायलाच हवं होतं.

पण त्या कौतुकात एक गोष्ट हरवली. शांताबाई डोंबारी समाजातल्या. आठव्या वर्षापासून काठी फिरवत होत्या, तीच त्यांची भाकरी होती. टाळेबंदीत नातवंडांच्या पोटासाठी त्या रस्त्यावर उतरल्या. म्हणजे पंच्याहत्तरहून अधिक वर्षं त्या हेच करत होत्या. आणि आपण? ढोलकी ऐकू आली की पाकीट सांभाळून पुढे जात होतो.

कायद्याची गंमत तर ऐका. १९५९ चा मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा आपल्या राज्यात आजही आहे. सार्वजनिक जागी गाणं, नाच, कसरत यांच्या निमित्ताने पैसे घेणं म्हणजेसुद्धा त्यात भीकच! पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात, आणि दोष सिद्ध झाला तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथल्यापुरती यातली बरीच कलमं रद्द केली, आपल्याकडे नाही. गृहमंत्र्यांनी ज्या आजींना साडी दिली, त्यांच्या काठीला हा कायदा कलाही म्हणत नाही, कामही म्हणत नाही.

आता ती दोरीवरची पोरगी. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सर्कशीत मुलांना ठेवायला बंदी आली. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांच्या कामावर बंदी आली, चित्रपट-मालिकांतल्या बालकलाकारांना मात्र सूट मिळाली. पण अटी आहेत हं! जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, शाळा बुडवायची नाही, कमाईतले किमान वीस टक्के मुलाच्या नावाने बँकेत. मालिकेतल्या छकुलीला हे सगळं संरक्षण. दोरीवरच्या मुलीला यातलं काय मिळतं? खाली गादीसुद्धा नसते. व्हिडिओ काढणाऱ्याला लाइक मिळतात, जमलं तर पैसेही मिळतात. तिच्या ताटलीत त्यातला रुपया पडत नाही.

मग काय, मुलीला उचलून बालगृहात टाकायचं? मला ते पटत नाही. तिच्या घरची चूल त्या दोरीवर पेटते, हे वस्तीवर काम करताना रोज दिसतं.

आमच्याकडे बुधवारच्या बाजारात असंच एक कुटुंब येतं. परवा मुद्दाम थांबले आणि आईला मुलीच्या शाळेचं विचारलं. आधी ती घाबरलीच, मी पोलिसातली वाटले असेन! मग म्हणाली, ‘बाई, नाव घालू की. पण आठ दिवसांनी आमचं बिऱ्हाड हलणार, तवा?’

खरं तर स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक असतं. ते दाखवून पुढच्या गावच्या शाळेत बसता येतं. दाखला नाही म्हणून शाळेला नकार देता येत नाही, हे तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातच आहे. हे त्या माउलीला कुणी सांगितलेलंच नव्हतं. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका पत्रक द्यायला तयार आहेत. येत्या बुधवारी गटातल्या दोघीजणी माझ्याबरोबर येणार आहेत. त्यातली एक तीच, जिच्या मोबाइलवर तो व्हिडिओ आला होता.