ठासणीच्या बंदुकीवर बोळवण



ज्वारी दुधावर आली की गावोगावच्या पारावर एकच विषय निघतो: डुक्कर. त्यामागोमाग दुसरा: बंदूक कोणती घ्यावी आणि परवडेल अशी कोणती? कुणी म्हणतो रायफल घ्या, लांबून पडते. कुणी म्हणतो आजोबाची ठासणी दुरुस्त करा. हा प्रश्न दुकानात सुटणारा नाही. त्याची गाठ कायद्यात आणि कचेरीत बसलेली आहे.

आधी कायदा पाहू. शस्त्र अधिनियम १९५९, कलम १३. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी अर्ज करणाऱ्या नागरिकाला वीस इंच किंवा अधिक लांब नळीची, गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. म्हणजे काडतुसाची बारा बोअर. पीक राखणाऱ्यासाठी मात्र त्याच कलमात वेगळी ओळ आहे: ठासणीची बंदूक. ठासणी पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी. शहरातल्या माणसाने हौसेसाठी मागितली तर काडतुसाची, आणि शेतकऱ्याने पोटासाठी मागितली तर आजोबाच्या जमान्यातली!

ठासणी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, बोळा कोंबायचा, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचे, टोपी चढवायची. एक बार झाला की पुन्हा सगळे पहिल्यापासून, तेही अंधारात. परतीचा पाऊस किंवा दव लागून दारू सर्द झाली तर बार उडतच नाही. दारू जास्त पडली तर नळी फुटून हात जातो. आणि डुक्कर नुसते जखमी झाले, तर ते उलटून अंगावर येते तेव्हा माणसाच्या हातात रिकामी नळी असते. जगातल्या फौजांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच टाकून दिलेले हे हत्यार आहे.

मग रायफल? शेती शिकलेला माणूस म्हणून स्पष्ट सांगतो, त्या नादी लागू नका. पॉइंट बावीसची गोळी डुकराला मारत नाही, जखमी करते. आणि चुकली तर किलोमीटरभर पलीकडेही जीव घेऊ शकते. तीनशे पंधराची गोळी तर त्याहून लांब जाते. आपली काळी जमीन सपाट, मागे टेकडीचा आडोसा नाही. शेजारच्या धुऱ्यावर दुसऱ्याचा माळा आणि माळ्यावर त्याचे पोर जागलीला. रात्रीच्या शेतात रायफल म्हणजे शेजाऱ्याच्या जिवाशी खेळ. शिवाय रायफल महाग, गोळी महाग, आणि पीकसंरक्षणाच्या कलमात ती बसतही नाही.

राहिली ती बारा बोअरची एकनळी. तिला यंत्र कमी, म्हणून बिघाड कमी. दुनळीचा दुसरा बार उपयोगी खरा, पण किंमत वाढते. परवानाधारक विक्रेत्याकडे जुनी एकनळी मिळते. घेताना नळी मोडून उजेडाकडे धरून पाहा: आत गंजाचे खड्डे नकोत, बाहेर पोचा नको, बिजागरी खुळखुळता कामा नये. काडतूस मोठ्या छर्‍यांचे, एल.जी. जातीचे, पुण्याजवळ खडकीच्या सरकारी कारखान्यात ते बनत आले आहे. मारा तीस-चाळीस पावलांच्या आतला. माळ्यावरून खाली जमिनीच्या दिशेने बार करावा, म्हणजे चुकलेले छर्रे मातीत जातात. कोरडवाहू शेतकऱ्याला परवडणारी आणि शेजाऱ्याला जगू देणारी बंदूक हीच.

परंतु बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे, हे पक्के लक्षात ठेवा. रानडुक्कर आणि रोही, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दोन्ही वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोका झालेल्या जनावराला मारण्याची लेखी परवानगी त्या कायद्याच्या कलम ११ खाली वनखात्याकडून घ्यावी लागते, आणि मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते. पीक खाईपर्यंत ते कुणाचेच नसते, मेल्यावर सरकारचे होते! एक कागद कलेक्टर कचेरीत, दुसरा वनखात्यात. दोन्ही हाती पडेपर्यंत ज्वारीचा हुरडा डुकराच्या पोटात.

त्यात निवडणूक. २०१४, २०१९, २०२४: महाराष्ट्र विधानसभेच्या तिन्ही निवडणुका ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाल्या. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. ज्वारी कापणीला, कापूस वेचणीला, आणि बंदूक ठाण्याच्या कपाटात. डुकराला आचारसंहिता लागू नाही.

काहीजण विचारतील, शेतकऱ्याच्या हाती बंदुका दिल्या तर मुडदे पडतील ना? मुडदे आजही पडतात. कुंपणात सोडलेल्या चोरट्या विजेने माणसे मेली, बैल मेले, वाघ मेले. तो गुन्हाच आहे आणि संघटना त्याचे समर्थन कधीच करणार नाही. पण सरळ वाट बंद केली की माणूस आडवाटेने जातो. कर्नाटकात कोडगूच्या जम्मा जमीनधारकांना परवान्यातूनच सूट आहे. केरळ सरकारने २०२२ मध्ये डुकरे मारण्याच्या परवानगीचा अधिकार पंचायतीच्या प्रमुखांकडे दिला. तिथे चालते ते इथे का नको?

आणि बंदुकीने डुकरे संपतील असा भ्रमही नको. मादी एका वेळी चार-सहा पिल्ले देते. एक मारले म्हणून कळप कमी होत नाही, तो फक्त वावर सोडतो. म्हणून घरटी बंदूक हा मार्ग नाही. चार-पाच गावांत मिळून शिकलेला एक भरवशाचा नेमबाज आणि त्याच्या हाती चांगली एकनळी, एवढे पुरे. फुलोऱ्यापासून काढणीपर्यंत चाळीसेक रात्री आपण जागतो. भाव ठरवताना त्या रात्रींची मजुरी कोण मांडतो? ही जागल परवडेना म्हणून कितीकांनी ज्वारी सोडली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी दावणीची बैलजोडी गेली. प्रश्न डुकराचा दिसतो, पण मोडते आहे ती सगळी कोरडवाहू शेती.

म्हणून जिल्हा बैठकीत या मागण्या मांडाव्यात:

१. कलम १३ मधील ठासणीची अट काढावी. तोवर ठासणी अपुरी आहे हे मानून एकनळीचे परवाने द्यावेत.

२. २०१६ च्या नियमांनी सक्तीचे केलेले सुरक्षा प्रशिक्षण तालुक्याच्या गावी, विनामूल्य द्यावे.

३. परवाना आणि वनखात्याची परवानगी यांचा अर्ज एकाच खिडकीवर, ठरलेल्या मुदतीत निकाली काढावा.

४. पीकसंरक्षणाची बंदूक निवडणुकीत सरसकट जमा करून घेऊ नये.

आणि मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात धरून बसू नका. अर्ज करा, तोही लेखी. कलम १४ सांगते की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. नाकारला तर कारण लेखी मागा, आणि कलम १८ खाली अपील करा. एकेकट्याने गेलात तर शिपाई दारातूनच परत पाठवील. गावाचे वीस अर्ज एका दिवशी, एका गठ्ठ्याने टेबलावर पडू द्या. मग साहेबाला वर पाहावेच लागेल.